आतल्या खोलीतला पिंपळ

मुलुंड (पूर्व),
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नेत्रास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. तू आणि राजेशराव मजेत असाल. पोटातलं आता लाथा मारतंय हे ऐकून बरं वाटलं.

फोन असताना बाबा पत्र काय लिहितात म्हणून हसशील. हस. फोन वाजला की तुझी आई शेजारी येऊन बसते, आणि हे तिच्यासमोर बोलता येणार नाही.

घर झकास आहे. वारा आहे, पाणी आहे, बाराव्या मजल्यावर डाससुद्धा नाहीत. वास्तुशांतीला भटजींनी अर्ध्या तासात देव उरकले, वर लिफ्ट बंद होती म्हणून माझ्यावरच डाफरले. मीही सोडलं नाही. घाटकोपरच्या चाळीत दारं नुसती लोटलेली असायची, इथे सगळी बंद. आईला करमत नाही.

नेत्रा, रविवारी राजेशराव तुला बाळंतपणासाठी आणून सोडणार आहेत. येऊ नकोस.

रागावू नकोस गं. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मला कळत नाही का? तुझ्यासाठी आतली खोली मीच रंगवून घेतली. पण त्या खोलीत आता पिंपळ आहे.

आपला सिद्धेश काविळीने गेला तेव्हा शेजारच्या शांताबाई म्हणाल्या होत्या, बिनलग्नाचं पोर पिंपळावर जाऊन बसतं. तेव्हापासून तुझी आई चाळीमागच्या पिंपळाच्या बुंध्याशी रोज भात ठेवायची. आपण कुणी तिला अडवलं नाही. बिल्डरने चाळ पाडली, झाडही गेलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण निघायच्या दिवशी तिने संडासाच्या भिंतीत उगवलेलं त्याचंच एक रोप खरवडून काढलं, तेलाच्या डब्यात लावलं आणि मांडीवर घेऊन टेम्पोत बसली.

आता ती त्याला जेवायला वाढते. "सिद्धू, ऊन लागता काय रे?" असं विचारते. एवढंच असतं तरी मी तुला बोलावलं असतं. पण ती म्हणते, "आपलो झील नेत्राच्या पोटातसून परत येतलो." मी म्हटलं, आणि मुलगा न होता मुलगी झाली तर गं? भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चेडू झाला तर ता झाडाक देवया. मगे झील येतलो."

झाडाला द्यायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ताट भिरकावलं.

तू म्हणशील, बाबा, तुम्ही आहात ना! मीही तेच धरून बसलो होतो. काल ती देवळात गेली तसा मी डबा उचलला. म्हटलं, खाडीत नेऊन टाकतो आणि मोकळा होतो. लिफ्टपाशी गेलो. रोपाला नवीन पान फुटलं होतं, तांबूस, कोवळं. आणि माझ्या तोंडून निघालं, "चल रे सिद्धू, घरी चल." डबा परत खोलीत ठेवला, पाणी घातलं. मग त्याच्यापुढे मांडी घालून बसलो आणि विचारलं, कधी येतोस?

खरं सांगतो बाळा, त्या वेळी तुझी आई मला वेडी वाटली नाही. तुझं पोर डोळ्यांसमोर आलंच नाही. मला माझा मुलगा हवा होता, कसाही. बदल्यात काय जाईल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

तिच्या एकटीपासून मी तुला सांभाळलं असतं. आता मलाच कोण सांभाळणार? सासूबाईंना माझा नमस्कार सांग, बाळंतपण तिकडेच करा. मुलगी झाली तर आम्हाला कळवू नका.

आणि मी एकटाच तुझ्या दारात आलो, रडलो, हातापाया पडलो, तरी बाळ माझ्या हातात देऊ नकोस.

सिद्धेशचे आणि तुझे,
बाबा