अफझलगंजातल्या खुनाच्या दृश्याला पोलीस बंदोबस्त मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
स्थानिक चित्रपट प्रोत्साहन कक्ष,
हैदराबाद.

विषय : हैदराबादेत तयार होणाऱ्या छोट्या चित्रपटांना प्रोत्साहन योजनेतून परवानगी, बंदोबस्त व विमा मिळणेबाबत.

संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, ज्यात अर्जदाराच्या पतीस झालेली मारहाण 'अतिरंजित' ठरवली आहे.

महोदय,

अर्जदार सौ. वृषाली अनंत परतूरकर, राहणार बरकतपुरा, हिचा सविनय अर्ज असा की :

१. अर्जदार व तिचे पती अनंत मराठी नाट्यमंडळात कामे करतात. मंडळातील किशोर कालेकर यांनी चित्रपट करायला घेतला. बाहेरच्या बड्या कंपन्यांना सरकार रस्ते अडवून देते, पोलीस देते, करही परत करते. किशोर यांनी एक हवालदार मागितला, तर आपल्या कक्षाने छोट्या चित्रपटांसाठी तरतूदच नाही म्हणून बोळवण केली. मग अफझलगंजच्या भर बाजारात लपूनछपून चित्रण करायचे ठरले.

२. दृश्य खुनाचे. अनंत यांनी अर्जदाराला रबरी सुऱ्याने भोसकले आणि ती कुंकू कालवलेल्या साखरेच्या पाकात पडली. किशोर समोरच्या गच्चीवर कॅमेऱ्यामागे होते. मंडळाचा शिरस्ता असा की, पडदा पडेपर्यंत प्रेताने हलायचे नाही. इथे पडदा म्हणजे किशोर यांची 'कट' ही हाक.

३. ती हाक आलीच नाही. बाजाराला खून खरा वाटला आणि लोक अनंत यांच्यावर तुटून पडले. कोणी तराजूतले वजन घेतले, कोणी शटर ओढायची लोखंडी सळई. किशोर कॅमेरा तसाच चालू सोडून खाली धावले, पण गर्दीत शिरता येईना. "नक्को मारो भाई, पिक्चर है, पिक्चर," असे अनंत ओरडत होते. डोळे मिटून पडलेल्या अर्जदाराला वाटले, हा दृश्याचाच भाग, खुनी सुटायला थाप मारतोय, आणि आपला नवरा आज काय काम करतोय! हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हाही तिला कौतुकच वाटले. आग लागो त्या कौतुकाला. मग तिच्या तोंडावर काहीतरी सांडले. पाक थंड होता, हे गरम होते. तेव्हा तिने डोळे उघडले.

४. अनंत यांचा उजवा डोळा गेला, जबडा तारेने बांधला आहे. अर्जदाराने मदतीसाठी अर्ज केला आणि पुरावा म्हणून ते चित्रण आपल्याकडे पाठवले. आपल्या कक्षाच्या समितीने ते चित्रपट म्हणून पाहिले आणि हिंसेच्या अतिरेकापायी प्रकरण नामंजूर केले. अर्जदार विचारायला आली तेव्हा एक सदस्य म्हणाले, "पण मार खाणाऱ्या नटाचं काम छान झालंय, बाई." अर्जदाराने त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. तो परत खाली ठेवला, हे तिचे उपकार समजावेत.

५. सबब विनंती की, भाषा आणि ऐपत न बघता इथल्या प्रत्येक छोट्या चित्रपटाला लेखी परवानगी, दोन पोलीस आणि कलावंतांचा विमा योजनेतून द्यावा. हे दृश्य अपुरे आहे. अनंत यांना बोलता येत नाही, त्यांनी पाटीवर लिहून दाखवले, "सीन पुरा करू. तिथेच." अर्जदार भांडली, रडली, पाटी फोडली. माणूस ऐकत नाही.

६. बंदोबस्त मिळो न मिळो, ते तिथे उभे राहणार, म्हणून अर्जदारही तिथेच पडणार. मात्र या वेळी प्रेताचे डोळे उघडे राहतील.

आपल्या लेखी उत्तरासाठी थांबलेली,
सौ. वृषाली अनंत परतूरकर
बरकतपुरा, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. दवाखान्याचे कागद.
२. तेच चित्रण, पुन्हा. कृपया अभिनय म्हणून पाहू नये.