फाडलेली सॅक

योगिनी,

ही चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवतेय, तिथे नितेश कधी हात घालत नाही. तुम्ही दवाखान्यातून याल तेव्हा मी मुंबईच्या एसटीत असेन. उद्या व्हिएतनामचं विमान, मग वर्षभर पुढे पुढे. चौतीस वर्षं शाळेत नकाशावर जग दाखवलं, आता एकटीने बघून येते.

सकाळी "ह्या वयात पाठीवर सॅक टाकून गावात शोभा करणार काय?" म्हणत त्याने माझी सॅक कोयतीने फाडली, मी गप्प राहिले. मला कानाखाली मारली, तरी गप्प राहिले. पण तू मध्ये पडलीस आणि त्याने केस धरून तुझं डोकं भिंतीवर आपटलं. वरवंटा कधी उचलला ते मला कळलंच नाही. पोटच्या पोराचं हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. तरी पश्चात्ताप नाही.

सॅक दाभणाने शिवून घेतली. तिथे दाखवलं नसशील तर तुझं कपाळही डॉक्टरांना दाखव, आणि पडले म्हणून सांगू नकोस.

फोनवर म्हणालीस, त्याचं उजवं मनगट मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. मालगुंडला तुझ्या आईला मी सगळं सांगितलंय, त्या वाट बघतायत. मी त्याची आई आहे म्हणून सांगते, प्लास्टर निघायच्या आत तूही नीघ.

आई