काट्याचं पोर्ट

२९ सप्टें., सोम.
महादेवरावाशी आज पुन्हा वाजलं. जिनिंगात वीस वर्षं कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर मोजते, म्हणून मालकच समजते स्वतःले. घरचा लॅपटॉप आणून काट्याच्या वायरले लावला. पोर्ट बंद पडलं. मग माझ्याच नावानं बोंबा! "वायरले कुलूप? आमी काय चोर हाओत?"
म्हटलं, ज्या पोर्टले ज्या मशीनची ओळख, तेच चालते, दुसरं लावलं का पोर्ट बंद. नेटवर्क माझ्या जिम्म्यात हाय.
"कालची पोरगी मले शिकवून राह्यली."
मेल्याचं तोंड पाहू नये.

२ ऑक्टो., दसरा
सगळ्यांले सोनं दिलं. म.रा.ले नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
सत्यानाश! काल पूजेसाठी म.रा.नं सारे कॉम्प्युटर एका टेबलावर मांडले, हळदीकुंकू लावलं, अन् परत ठेवताना याचं त्याच्या जागी, त्याचं याच्या. सकाळी एकबी पोर्ट उघडेना. कापसाच्या गाड्या पार इचोडा रोडपर्यंत.
मालक आला, सेठ. "सब खोल दो."
"सेठजी, एकेक तपासून..."
"नौकरी प्यारी है ना?"
खोललं. सारं. कुलूपच काढून टाकलं. रडू आलं, पण म.रा.समोर नाही रडली.

४ ऑक्टो., शनि.
काट्याच्या लाइनवर एक अनोळखी मशीन. काट्यावर २१४० किलो, पावतीवर २१०५. प्रत्येक गाडीमागं असंच. मधातलं मशीन वजन खाऊन राह्यलं.
सरळ म.रा.वर गेली. सगळ्यांसमोर चोर म्हटलं त्याले.
चिडला नाही. "वायर धरून जा," म्हणे.
गेली. वायर सेठच्या केबिनात.
परत आली तं हळूच म्हणे, "मागच्या सालीबी हे मशीन होतं. यंदा तुह्या कुलपानं अडलं होतं."
"मंग बोलले काऊन नाही?"
"वीस वर्षं झाली, पोरी."
थू त्याच्यावर! पूजेत त्यानं मुद्दाम अदलाबदल... नाही, तेवढी अक्कल नाही त्याले.
संध्याकाळी सेठ दारात. "उस वायर को हाथ मत लगाना, बेटी." बेटी म्हणे!

५ ऑक्टो., रवि.
ते पोर्ट बंद करायले एक मिनिट लागते. दिवसभर तेच डोक्यात.
गावाकडून, तलमडुगुवरून बाबाचा फोन. उद्या आपला कापूस घेऊन येऊन राह्यले.
"तू हायस तिथं, मापाची काळजी नाही आपल्याले."
"हो बाबा," म्हटलं.