मंगळ, विजेचा खांब आणि पालिकेची शिडी

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझी पाठ आता कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आले की सुरू होतो? मी खुशाल आहे. फक्त डावा घोटा उशीवर आहे आणि बाकीची मी त्याच्या सेवेत आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात अंधारातून चालू नये. मी म्हटलं, वय बदलणं माझ्या हातात नाही, अंधाराचं बघणं पालिकेच्या हातात आहे, तसं त्यांना लिहून द्या. त्यांनी मलम लिहून दिलं.

सगळं रामायण आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबावरून झालं. त्यावरचा दिवा जाऊन इतके महिने लोटले की गल्लीतली लहान मुलं, खांब हा लपाछपीत राज्य घेण्यासाठीच असतो असं समजून मोठी होत आहेत. मी पालिकेत जाऊन आले. परत गेले. विद्युत विभागातल्या गृहस्थांशी (मी त्यांना ‘उद्या’ म्हणते, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फारसा ऐकलेला नाही) माझी आता इतकी ओळख झाली आहे की मी दारात दिसले की ते चहाचा कप फायलीमागे ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की दिवा आहे, वायरमन आहे, पण खांबाच्या टोकापर्यंत पोचेल अशी शिडी नाही. तिथून तणतणत घरी येताना दिवेलागणीला त्याच खांबाखाली कुणीतरी ओतून ठेवलेल्या खडीवर माझा पाय मुरगळला आणि मी आडवी झाले. हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर उघडं पडलं, त्यात सरकारचं यान मंगळावर उतरणार असल्याची ठळक बातमी. ज्यांना मंगळापर्यंत पोचता येतं त्यांना खांबाच्या टोकापर्यंत पोचता येत नाही, हे वाक्य मला तिथेच सुचलं. वाक्य इतकं चांगलं होतं की उठायला मी मुद्दाम थोडा वेळ लावला.

आता चांगलं वाक्य वाया घालवायचं नाही, हे आपल्या कॉन्व्हेंटचं शिक्षण. (ताठ बसणं आणि दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करणं, या दोन गोष्टी सिस्टरनी माझ्यात अशा काही बिंबवल्या की एकीने पाठ टिकली आणि दुसरीने मैत्रिणी गेल्या.) आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत निवृत्त मंडळींचं वादविवाद मंडळ भरतं. मी ग्रंथपालबाईंना गाठून विषय लावून घेतला: अंतराळ संशोधनावरचा सरकारी खर्च वायफळ आहे. अनुकूल बाजूने मी, आणि माझ्या जोडीला निवृत्त ठेकेदार. विरुद्ध बाजूने दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात पाहिल्यावर माणसाला वर आकाशात पाहावंसं वाटणारच, त्यांना मी दोष देत नाही.

तू म्हणशील, माझी पोटची मुलगी बारकी त्याच अंतराळ खात्यात, त्याच यानावर काम करते, आणि तिच्या सख्ख्या मावशीला हेच सुचावं? अगं, तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय माझं त्या लोकांशी जुनं वैर आहे. मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजची सुपरवायझर होते. माझ्या हातातून गेल्याशिवाय या गावाचा शब्द त्या गावाला पोचत नसे. मग आकाशात यांचे उपग्रहांचे डबे फिरू लागले, लोक परस्पर नंबर फिरवू लागले, आणि आमचं अख्खं खातं खुर्च्यांसकट अडगळीत गेलं. तेव्हा माझं तत्त्व अगदीच निर्मळ होतं असं मी म्हणत नाही.

मुद्दे गोळा करायला शत्रूच्या गोटात माणूस असणं चांगलं, म्हणून मी आपल्या बारकीलाच फोन केला. यान उतरल्यापासून गप्प आहे ही बातमी तोवर छापून आली होती, पण ते वर्तमानपत्र मी न वाचताच घोट्याखाली घेतलं होतं. मी आपलं मजेत विचारलं, काय म्हणतंय तुझं यान? ती म्हणाली, “काहीच म्हणत नाही, मावशी.” शाळेत बक्षीस दुसरीला गेलं की तिचा जो आवाज व्हायचा, तोच. रडत नव्हती. रडली असती तर मी निदान रागावले असते. आम्ही इथून हाक मारतो, मग थांबतो, मग परत मारतो, असं तिने सांगितलं. वरिष्ठ अजून काही दिवस ऐकू देतील, मग तेही बंद. मी घोट्याखालचं वर्तमानपत्र ओढून ती बातमी वाचली आणि तिला एकही सल्ला दिला नाही (तू ही ओळ भावजींना वाचून दाखव, त्यांचा विश्वास बसणार नाही). शेवटी तिनेच विषय बदलला. अंधार पडला की समोरच्या गच्चीवरच्या टाकीच्या जरा वर तांबूस ठिपका दिसेल, तोच मंगळ, म्हणाली. सरकारी माहिती, तपासून घेतलेली बरी, म्हणून मी खुर्ची बाल्कनीत ओढली. होता तिथेच.

वादाच्या दिवशी मी काठी टेकत वर चढले. दातांचे डॉक्टर ताऱ्यांच्या सौंदर्यात शिरले ते वेळ संपेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. मग मी खांबाचं वाक्य टाकलं. हशा, टाळ्या. मागच्या रांगेत नेहमी झोपणारे गृहस्थसुद्धा जागे झाले. मी जिंकल्यातच जमा होते, ताई. तिथे सभा संपवून चहा दिला असता तर आज हे पत्र तू अभिमानाने वाचत असतीस. पण माझ्या जोडीदाराला बोलायचं होतं. ठेकेदार उठले, पँट वर ओढली आणि म्हणाले, “अहो, ते यान केव्हाच गेलं कामातून. आणि त्या पोरी बसल्यात कानाला यंत्रं लावून, सरकारी पगारात शांतता ऐकत.” पुन्हा हशा.

आपल्या माणसाला नावं ठेवायची तर ती आपण ठेवावी, हा हक्क मी बारकीच्या बारशापासून राखून ठेवलेला आहे. मी उठले. (घोट्यासकट. त्याची आठवण मला नंतर झाली.) म्हटलं, ठेकेदारसाहेब, तुम्ही कधी शांतता ऐकली आहे का? मी पगार घेऊन ऐकली आहे. पुराच्या दिवसांत लाइन लागत नसे, आणि अलीकडच्या टोकाला एखादी आई फोन धरून उभी असे, मुलगा सुखरूप आहे का विचारायला. समोरून आवाज नाही म्हणून आम्ही तिला मुलगा गेला असं सांगत नव्हतो. थांबा, परत लावते, म्हणत होतो. या मार्गाने नाही तर त्या मार्गाने. तुटलेल्या तारेची शांतता वेगळी असते आणि पलीकडे कुणी असून बोलता येत नसेल ती वेगळी, आणि तो फरक कळायला तासन् तास कान द्यावा लागतो. तुमच्या पुलाला तडा गेला तेव्हा पूल बांधणं बंद करा असं कुणी म्हणालं नव्हतं. तुम्हाला देऊ नका, एवढंच म्हणाले होते.

ठेकेदार पँट पुन्हा वर ओढून खाली बसले. मला वाटलं, आता बसावं. पण सिस्टरनी मुद्दा अर्धवट सोडायला शिकवलं नव्हतं. मी पुढे म्हटलं, खांबाचं वाक्य माझंच आहे आणि ते ऐकायला बरं वाटतं, पण उद्या मंगळाचं सगळं बंद करून ते पैसे पालिकेत नेऊन ओतले तरी शिडी येणार नाही. शिडी न आणण्यासाठी तिथे जी माणसं नेमली आहेत ती पैशावाचूनही आपलं काम चोख करतात. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून विचारलं, “बाई, तुम्ही नक्की कोणत्या बाजूने बोलताय?” मी म्हटलं, बारकीच्या. बारकी कोण ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

असं आहे सगळं. स्वतःच विषय लावला, स्वतःच बाजू घेतली आणि स्वतःच ती पाडली, दुसऱ्या कुणाला काही कामच ठेवलं नाही. बारकीला यातलं काही सांगू नकोस, मावशी आपल्या बाजूची झाली असं उगाच वाटायचं. पाठ शेकत जा. भावजींना नमस्कार, खोकल्याला नाही.

तुझी धाकटी बहीण

ता. क. निकाल सांगायचा राहिला. माझी बाजू हरली. ठेकेदारांचं एक मत मिळालं. माझंही मिळालं असतं, पण हात वर झाला तो दुसऱ्या वेळी, विरुद्ध बाजूची मतं मोजताना.

दुसरा ता. क. सरकारी खर्चाबद्दलचं माझं मत कायम आहे. फक्त ते यान बोललं आणि त्याने काही फोटो पाठवला, तर एक मोठा माझ्यासाठी मागून घे. कॅलेंडर काढून खिळा रिकामा केला आहे.

तिसरा ता. क. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. काल संध्याकाळी ‘उद्या’ स्वतः शिडी घेऊन दारात उभे. चांगली लांब, खांबाच्याही वर जाईल अशी. तो दिवा लागला की उजेड थेट माझ्या बाल्कनीत येतो आणि टाकीच्या वरचं काही म्हणजे काही दिसत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी त्यांना परत पाठवलं. इतके महिने खेटे घालणारी बाई आता नको म्हणते, म्हणून ते बिचारे खडीवर बसून राहिले. तेव्हा बारकीला सहज म्हणून विचार, माझं नाव न घेता, की अजून किती दिवस हाक मारणार आहात. मी तोवर दिवा लावू देणार नाही, पण शिडीवाल्यांना तारीख हवी आहे.