फुलदाणीवरची आठवी माशी

३ फेब्रुवारी, सोमवार
झालं! तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. कालच्या हळदीकुंकवाच्या पाटल्या हातातून निघेनात, म्हणून तशीच कामावर गेले. यम्नाबाईंच्या आखातातल्या रास अल खैमाच्या व्हिलात जुन्या चिनी मातीच्या भांड्यांची यादी करते मी. 'दागिने उतरवूनच हात लावा' ही पाटी तिथे मीच लावलेली! फुलदाणी फिरवली — टक्. कुणी पाहिलं नाही.

४ फेब्रुवारी
साबण लावला, तेल लावलं. एक निघाली, दुसरी हलत नाही. लांब बाह्यांचा कुर्ता घालून गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
फुलदाणी युरोपातल्या कुठल्याशा सरदाराच्या महालातली. त्या लोकांनी अशा भांड्यांसाठी अख्ख्या खोल्या बांधल्या. वापरायचं काही नाही, नुसतं पाहुण्यांना दाखवायचं — आपल्या शोकेसमधल्या डिनर सेटसारखं! भट्टीत डाग पडला, की चित्रकार त्यावर माशी नाहीतर फूल रंगवून मोकळे. हिच्यावर सात माश्या.
आज खोलीत एकटीच होते. टवक्यावर आठवी काढली. सावलीसकट! हुबेहूब जमली. मग जास्तच भीती वाटायला लागली.

९ फेब्रुवारी
इराला सांगितलं. "आई, जस्ट टेल हर ना!" हिला बोलायला काय जातंय! व्हिसा माझ्या नोकरीवर, हिची शाळा त्या व्हिसावर.

१० फेब्रुवारी
उद्या विम्याचा माणूस जांभळा दिवा घेऊन येणार. त्या उजेडात मागाहून दिलेला रंग चमकतो. मेले!
आणि फुलदाणी रोज पुसते ती इथली कामवाली अरफा. संशय तिच्यावरच जाणार. आज डबा तसाच राहिला तर म्हणाली, "दीदी, तबियत ठीक नहीं क्या?" मला मान वर करवेना.

११ फेब्रुवारी
पडदे ओढले. दिवा लागला. माझी माशी लख्ख चमकली. यम्नाबाईंनी अरफाकडे पाहिलं.
"अल्ला कसम मॅडम, मैंने कुछ नहीं किया!"
मी गप्प. शरम वाटते लिहायला, पण गप्प!
दिवा मागच्या बाजूला गेला. तिथे आणखी एक माशी चमकली. "खलास, बंद करो," म्हणत यम्नाबाईंनी त्या माणसाला बाहेर पाठवलं. मग हळूच म्हणाल्या, "वो पीछे वाली मेरी है. नौ साल की थी. गेंद लगी, टुकड़ा उड़ा, मैंने ऊपर मक्खी बना दी और चुप रही. माँ ने हमारी नौकरानी हाफिजा को कसूरवार समझकर घर भेज दिया."

१२ फेब्रुवारी
पुढचं काल लिहवलं नाही. "और ये किसकी है?" त्यांनी विचारलं. अरफा रडत होती. मी बाही वर सरकवली आणि पाटली दाखवली.