नातवाच्या बारशाची बिअर

१२ ऑक्टोबर
आज मला गावाच्या माल्टघरातून हाकललं. मला. माझ्या बापाने त्या माल्टघराचे दगड वाहिलेत. कारण काय, तर माझ्या पाळीला भट्टी भडकली आणि माल्टसाठी मोड आणून वाळत घातलेले सगळे जव करपले. करपले म्हणे! जरा तांबूस झाले, एवढंच. मला झोप लागली नव्हती. डोळे मिटून विचार करत होतो.
सगळ्यात जास्त बोलला तो आर्नफिन. माझा सख्खा व्याही. सगळ्यांदेखत म्हणाला, याच्या हातात पुन्हा काडेपेटी द्यायची नाही. वर करपलेल्या पोत्यांतला माझा वाटा पुढे केला. म्हटलं, घाला चुलीत. आणि निघून आलो.
ठराव: त्यांच्या माल्टचा एक दाणा या घरात येणार नाही.

१३ ऑक्टोबर
गुनवोर सकाळपासून मागे लागली आहे. म्हणे बारसं डिसेंबरात, बिअर कशाची करणार? आर्नफिनची माफी माग आणि चांगलं माल्ट आण. बायको माझी की त्याची?
आमच्या घराण्यात बारशाची बिअर बाळाच्या आईचा बाप करतो. आमच्या मुलीच्या, इंगविल्डच्या बारशाला माझ्या सासऱ्याने केली होती, लोक अजून नाव काढतात. आता इंगविल्डच्या मुलाची मी करणार. आर्नफिनने केली तर या दरीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

१७ ऑक्टोबर
ट्रॉन्डहाइम शहरातल्या माल्टच्या दुकानात फोन. ऑल्डर झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेलं माल्ट हवं म्हटलं. दुकानातली बाई म्हणते, ते तर तुमच्याच दरीत बनतं. मलाच सांगते! तिने जर्मन माल्ट सुचवलं, बीच झाडाच्या लाकडाच्या धुरातलं, चव जवळपास जाईल म्हणे. जवळपास कशाला? यादीत स्कॉटलंडचं होतं, दलदलीची माती जाळून धूर दिलेलं, व्हिस्कीवाले वापरतात ते. हेच द्या म्हटलं. बाई म्हणाली, जपून, मूठभरच टाका. पोरीच्या वयाची बाई मला बिअर शिकवते. धूर तो धूर.
रंग तांबूस आणि चव किंचित करपट यावी म्हणून भाजलेलं काळं माल्टही मागवलं. किंमत बघून डोकं फिरलं. असल्या करपट मालाला एवढे पैसे?

४ नोव्हेंबर
आज बिअर चढवली. निम्मं माल्ट स्कॉटलंडचं. मूठभर घालायला मी काय लोणचं घालतोय?
गुनवोर दारात येऊन थबकली. दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय म्हणाली. तिला सर्दी आहे.

१५ नोव्हेंबर
चव बघितली. पहिल्या घोटाला आयोडीन. दुसऱ्यालाही आयोडीन. तिसरा घेतला नाही, बारशाला कमी पडायला नको.
दोष पार्सलचा. काळं माल्ट उकळून त्याचं पाणी ओतणार. वास दबेल.

१८ नोव्हेंबर
दबला नाही. आता कॉफीत आयोडीन घातल्यासारखं लागतं. दुकानात फोन करून झापलं. किती टाकलंत, असं बाईने विचारलं. फोन ठेवला.

२४ नोव्हेंबर
इंगविल्डचा फोन. आर्नफिन एक पिंप आणतोय, नुसतं बॅकअप म्हणून. मी काय बंद पडणारा ट्रॅक्टर आहे? ती म्हणाली, बाबा, चिडू नका, आधी पेला तुमच्याच बिअरचा फिरवू.
ठराव: त्याच्या बिअरला हात लावणार नाही. मेलो तरी.

३ डिसेंबर
बारसं झालं. चर्चमध्ये नातू रडला नाही. रडायला आलं मला, जेवणाच्या टेबलावर.
माझ्या बिअरने भरलेला सासऱ्यांचा लाकडी पेला हातोहात फिरला आणि माझ्याकडे परत आला तेव्हा जवळजवळ भरलेलाच होता. पाद्रीबाईंनी हळूच विचारलं, कुणाला लागलंय का, जखमेच्या औषधाचा वास येतोय. इंगविल्ड खाली बघत होती.
मग आर्नफिनची फिरली. एकेकजण म्हणाला, वाईट नाही. आमच्याकडे याहून जास्त स्तुती कुणी करत नाही. पेला माझ्यापर्यंत आला. तोंड कोरडं पडलं होतं म्हणून घेतला. मग पुन्हा घेतला. काय सांगू, अशी बिअर सासऱ्यांनंतर मी प्यालोच नव्हतो. तांबूस, मागे किंचित करपट. पेला टेबलावर आपटला. आर्नफिनला म्हटलं, खरं बोल, हे माल्ट कुठल्या दुकानातून आणलंस?
"तुझंच आहे," आर्नफिन म्हणाला. "तू करपवलेलं. टाकवेना, म्हणून रंगापुरतं मूठभर घातलं."
म्हणजे बारशाची बिअर मुळात माझीच! हे सगळ्यांना सांगायला उभा राहिलो, तर गुनवोरने बाही ओढून खाली बसवलं.
"पोती भरपूर उरलीत, व्याही," आर्नफिन म्हणाला. "नातवाच्या लग्नापर्यंत पुरतील. तू आता काही करपवू नकोस."
सगळं टेबल हसलं. इंगविल्डसुद्धा.

१४ जानेवारी
माल्टघराची मीटिंग. मला परत घेतलं. घेणारच होते, माझ्यावाचून त्यांचं चालत नाही. काम दिलं लाकडं फोडायचं. बाहेर, बर्फात.
गुनवोरला सांगितलं, इंधन विभाग माझ्याकडे आलाय. तिने विचारलं, आणि काडेपेटी?
आर्नफिनच्या खिशात.