कडव्या सिस्टिमचा आठवडा

४ जून, सकाळ
निर्धार. छोट्या लॅपटॉपवरची विकतची सिस्टिम हद्दपार. रविवारी वाचनालयात माझं भाषण आहे : 'मुक्त सॉफ्टवेअर हाच स्वाभिमान'. वक्ताच गुलाम असेल तर टाळ्या कशाला? बायको म्हणाली, भाषण होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. दूरदृष्टी नाही.

५ जून
मुक्त सिस्टिम ढिगाने आहेत. निवड तत्त्वावरच करणार. साडूने एक सोपी सुचवली. म्हणे, तुम्हालासुद्धा जमेल. ती बाद.

६ जून
निवडली! अत्यंत कडवी. बंदिस्त, म्हणजे कंपन्यांनी लपवून ठेवलेल्या, कोडची एक ओळही आत घेत नाही. थेट माझा स्वभाव. उद्या पेन ड्राइव्हवरून घालतो. किरकोळ काम.

७ जून, दुपार
स्क्रीनने विचारलं, जुनी सिस्टिम शेजारी ठेवायची की सगळं पुसायचं? यंत्रसुद्धा माझी निष्ठा तपासतंय! सगळं पुसलं. ऊर भरून आला.

७ जून, दुपारीच
भाषण त्यातच होतं.

८ जून
वाय-फाय लागत नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बंदिस्त कोडचा, म्हणून सिस्टिम त्याला दारात उभं करत नाही. तत्त्वाला जागली! अभिमान वाटला. मेल बायकोच्या फोनवर पाहिल्या. साडूला फोन केला नाही. त्यानेच केला. बराच वेळ नुसता हसत होता.

९ जून
भाषण नव्याने लिहायला बसलो. कीबोर्डवर मराठी कसं आणायचं हे शोधायला इंटरनेट लागतं, आणि बायकोचा फोन पुन्हा मागणं स्वाभिमानात बसत नाही. बायको म्हणाली, कागदावर लिहा. सुनावलं, खरा वक्ता कागद धरत नाही. ती म्हणाली, बरं.

१० जून, रविवार
उत्स्फूर्त बोललो. 'मित्रहो' म्हणून विराम घेतला. विराम लांबला. पहिल्या रांगेतून बायकोने पुढचं वाक्य हळूच सांगितलं. मग त्याच्या पुढचं. महिनाभर स्वयंपाकघरात तिलाच ऐकवत होतो. तिला सगळं पाठ, हातवाऱ्यांसकट. मागून साडू ओरडला, ताई, जरा मोठ्याने, इथे ऐकू येत नाही! लोकांनी तिला मंचावरच बोलावलं. टाळ्या प्रचंड. शब्द माझेच होते.

११ जून
वाचनालयाच्या कार्यवाह बाई घरी आल्या. पुढच्या महिन्याच्या भाषणाला नम्रपणे होकार देणारच होतो. त्या म्हणाल्या, ताई कुठे आहेत?

संध्याकाळी साडूने येऊन लॅपटॉपवर ती सोपी सिस्टिम घातली. चहा निवायच्या आत वाय-फायही लागलं. लॅपटॉपचा नवा पासवर्ड मात्र बायकोकडे दिला. मागितला. ती म्हणाली, पुन्हा कधी स्क्रीनने विचारलं, सगळं पुसायचं का, तर काय सांगाल?

तत्त्वाचा प्रश्न आहे. विचार करतोय.